वल्ह्याचं वजन

सुरंगवेळच्या जुन्या शाळेत 'वल्हं' हा खेळ आणून बसवला, तेव्हा अर्ध्या गावानं नाकं मुरडली आणि उरलेल्या अर्ध्या गावानं विचारलं, "ह्यानं समुद्र मागे हटणार आहे का?"

समुद्र पुढे सरकतोय, हे आता कुणाला सांगावं लागत नव्हतं. भरतीच्या इशाऱ्याचा भोंगा पूर्वी वर्षातून एखाद्या वेळी वाजायचा, तो आता दर अमावास्या-पौर्णिमेला वाजू लागला होता. वरच्या वाडीतल्या विहिरी खारट झाल्या होत्या. आंब्याच्या कलमांची पानं कडांनी करपत होती. म्हणून बागायतदारांना किनाऱ्यावर भिंत हवी होती. दोन पुरुष उंच, काँक्रीटची, खाडीच्या तोंडापासून थेट देवळाच्या टेकडीपर्यंत. खालच्या वाडीतल्या मच्छीमारांना ती मुळीच नको होती. त्यांची रापण, म्हणजे साऱ्या वाडीनं मिळून किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, वाळूशिवाय ओढता येत नाही. आणि भिंत उभी राहिली की तिच्यासमोरची वाळू लाटा बघता बघता खाऊन टाकतात, हे त्यांनी शेजारच्या गावात पाहिलं होतं.

सहा वर्षं हा वाद चालला होता. ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या. कुणीतरी एक होडी जाळली, कुणीतरी बागेतली कलमं बुंध्यापासून तोडली. लग्नाकार्याची बोलावणी बंद झाली. खालच्या वाडीचा पुढारी जयवंत कुबल आणि वरच्या वाडीचा मनोहर साळवी एकेकाळी शाळेत एका बाकावर बसायचे. त्यांनी एका सभेत एकमेकांची गचांडी धरली, त्यानंतर त्यांच्यात एक शब्द झाला नव्हता.

शलाका कुबल ही जयवंतची धाकटी बहीण. तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवायची. पुण्यातल्या 'ऐलपैल' नावाच्या संस्थेनं भांडणाऱ्या गावांसाठी हा खेळ तयार केला, आणि तो चालवायला त्या-त्या गावचंच माणूस हवं होतं. जाळलेल्या होडीचा वास नाकातून जात नव्हता म्हणून शलाकानं अर्ज केला आणि प्रशिक्षण घेऊन परत आली. खेळ चालवणाऱ्याला तिथे 'नाखवा' म्हणत. तिला त्याचं हसू यायचं. कुबलांच्या घरात आजवर बाई कधी नाखवा झाली नव्हती.

खेळ तसा साधा होता. समोर भिंतीएवढा पडदा, पडद्यावर खाडी आणि एक होडी. दोन खेळाडू शेजारी-शेजारी बसायचे, प्रत्येकाच्या हातात एक वल्हं. खरं लाकडी, मात्र बुडाशी मोटर बसवलेलं, त्यामुळे पाण्याचा जोर हाताला जाणवायचा. होडी पैलतीरी न्यायची, एवढंच. पण नुसतं वल्हवून ती जागची हलत नसे. एकानं दुसऱ्याचं ऐकून त्याची बाजू स्वतःच्या तोंडानं मांडायची, आणि त्या दुसऱ्याला आतून वाटायला हवं की हो, मला हेच म्हणायचं होतं. ते वाटलं की होडी हात-दोन हात पुढे सरकायची.

ते 'आतून वाटणं' यंत्राला कळायचं कसं? दोघांच्या कपाळाला एकेक पट्टी असायची. एक माणूस बोलतो आणि दुसरा मनापासून ऐकतो, तेव्हा दोघांच्या मेंदूतल्या हालचालींची लय हळूहळू जुळत जाते. ऐकणाऱ्याची लय आधी थोडी मागून येते. ऐकण्यात जीव ओतला, तर कधीकधी ती बोलणाऱ्याच्या पुढेही धावते, समोरचा काय म्हणणार ते आधीच कळल्यासारखी. नुसती मान डोलावली तर लय जुळत नाही. पट्टी हे टिपायची आणि यंत्र त्याप्रमाणे पाण्याचा प्रवाह कमीजास्त करायचं. कोण खरं बोलतंय हे यंत्राला कळत नव्हतं. कोण कुणापर्यंत पोचतंय, एवढंच कळत होतं.

जयवंत आणि मनोहर खेळायला आले ते एका रविवारी सकाळी. दोघांच्या वाड्यांनी भरीला घातलं म्हणून आले होते. पहिला अर्धा तास होडी जागच्या जागी गरगरत राहिली.

"ह्याला भिंत हवी, कारण ह्याला पैसा हवा," जयवंत म्हणाला. होडी हलली नाही.

"ह्याला भिंत नको, कारण ह्याला पुढारीपण हवं," मनोहर म्हणाला. होडी मागे गेली.

शलाका खुर्चीतून अर्धी उठली आणि परत बसली. नाखव्यानं मध्ये बोलायचं नसतं.

बऱ्याच वेळानं जयवंत थांबत थांबत म्हणाला, "तुझी आई... शेवटी टँकरचं पाणी पीत नव्हती. आपल्याच विहिरीचं पाणी दे म्हणायची. तू दिलंस आणि तिनं ते थुंकलं. तेव्हापासून तुला भिंत हवी."

होडी एकदम सुटली. मनोहरचं वल्हं हातातून निसटलं. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या रेवतीनं ऐकलं होतं बाजारात. मी लक्ष नाय दिलं तेव्हा."

पुढे तासाभरात होडी पैलतीरी लागली. मनोहरनं भर खोलीत डोळे पुसले. जयवंत उठला तेव्हा उजवा खांदा चोळत होता. शलाकानं बाहेर येऊन चहा सांगितला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांनी एकत्र चहा प्यायला होता.

त्यानंतर गावात खेळाची लाटच आली. रोज जोड्या येऊ लागल्या, वरच्या वाडीतलं एक, खालच्या वाडीतलं एक. तोडलेल्या कलमांच्या जागी खालच्या वाडीच्या पोरांनी नवी लावून दिली. जळालेल्या होडीसाठी वरच्या वाडीनं लाकूड दिलं. ग्रामसभेत भिंतीचा ठराव येणार होता. आता तो बिनविरोध होईल, असं सगळे बोलू लागले. शलाकाला पुण्याहून अभिनंदनाचे फोन आले.

बिनविरोध. तो शब्द तिच्या मनात अडकला, पण आनंदाच्या भरात तिनं तो झटकून टाकला.

रेवतीवहिनी एका दुपारी शाळेत आली. जयवंतची बायको. बाजारात मासे विकणारी, आवाज चढवायला कधी न कचरणारी. त्या दिवशी मात्र हळू बोलत होती, आणि त्यामुळेच शलाका घाबरली.

"वन्सं, माझा माणूस कुठे ठेवलात तुम्ही?"

"म्हणजे?"

"रापण ओढायला जातो, मध्येच दोर सोडून उभा राहतो. विचारलं तर म्हणतो, मनोहरची विहीर. जेवताना मनोहरची विहीर. मी म्हटलं, बरं, त्याची विहीर खारट झाली, वाईट झालं. पण आपल्या वाळूचं काय? तर माझ्याकडे असा बघतो, जसं काही परक्या भाषेत बोलले मी. म्हणतो, आपलं काय म्हणणं होतं गो रेवती?"

"वहिनी, दुसऱ्याचं ऐकलं की माणूस थोडा हलतोच."

"थोडा?" रेवतीचा आवाज आता चढला. "आणि मनोहर किती हलला? सांगा ना. तो कालसुद्धा पंचायतीत भिंतीची मापं काढत होता. रडला, डोळे पुसले, मोकळा झाला. आमच्याच वाडीतले सगळे का हलले?"

उत्तराची वाट न बघता रेवती तडक जाऊन स्टुलावर बसली आणि पट्टी कपाळाला बांधू लागली.

"बसा इथे. खेळा माझ्याशी."

"नाखव्यानं खेळायचं नसतं."

"मग नाखवा राहू नका. नणंद म्हणून बसा."

शलाका बसली. खेळ सुरू झाला आणि पहिल्यांदाच तिला तो आतून कळला. एकेक ऐकून ती रेवतीची बाजू मांडू लागली: घरातला माणूस घरात नसणं, रात्रंदिवस दुसऱ्याच्या दुःखाशी लग्न लागल्यासारखं वागणं. प्रत्येक वाक्यासरशी होडी सरकत होती आणि तिच्या हातातलं वल्हं जड होत होतं. जड झालं की ती अजून जोर लावायची, अजून खोल ऐकायची. ऐकलं की क्षणभर हलकं व्हायचं, मग पहिल्याहून जड. तीर जवळ आला तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आपणच दादाला मोडलं, आपण हे कधी करायलाच नको होतं, हा खेळ फोडून टाकला पाहिजे, असं तिला पक्कं, लख्ख वाटत होतं.

पट्टी काढून तिनं विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय वाटलं? मला काय म्हणायचं होतं ते?"

रेवती विचारात पडली. "तुम्हाला? तुम्ही कुठे काय म्हणालात? माझंच तर बोलत होतात. मला बाई मोकळं वाटलं."

"खांदा दुखतोय?"

"नाही. वल्हं तर कापसासारखं होतं."

शलाकाचा उजवा खांदा ठणकत होता. तिला एकदम आठवलं, दादा उठताना खांदा चोळत होता. जन्मभर रापण ओढलेला माणूस.

डॉ. निवेदिता राजे ही 'ऐलपैल'मधली या खेळाची मुख्य शास्त्रज्ञ. फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा नेहमीसारखा प्रसन्न होता. शलाकानं सांगितलेलं ऐकता ऐकता तो गंभीर झाला. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. ती घाईनं बोलत होती.

"हे कुणी लिहिलेलं नाही, शलाकाताई, एवढं आधी समजून घ्या. आम्ही यंत्राला एकच गोष्ट सांगितली होती, होडी तीरावर पोचली पाहिजे. कशी, ते त्यानं शेकडो जोड्यांवरून स्वतः शिकायचं. आणि ते शिकलं."

"काय शिकलं?"

"दोघांत एक माणूस जास्त ऐकणारा असतो. समोरच्याचं दुःख त्याला पटकन लागतं. होडी लवकर पोचवायची असेल, तर दोघांना हलवण्यापेक्षा त्या एकाला हलवणं सोपं. म्हणून यंत्र त्याचं वल्हं जड करतं. वल्हं जड झालं की तो अजून ऐकतो. तेच दुःख पुन्हा पुन्हा ऐकून त्याच्या मनात इतकं खोल रुजतं, की त्याचं स्वतःचं म्हणणं खाली दबून जातं. समोरच्याला मात्र फक्त आपलं ऐकलं गेल्याचं समाधान मिळतं. यंत्राला भिंत आवडते असं नाही. दुसऱ्या गावात उलटंही झालं असेल."

"पण आमच्या गावात सगळे एकाच बाजूचे हलले."

"त्याचा मी विचार केला. तुमची माणसं रापण ओढतात ना? शंभर हात एका दोरावर. शेजारच्याच्या ओढीशी आपली ओढ जुळवायची, हे ती लहानपणापासून करतात. ज्यांना साथ द्यायची इतकी सवय आहे, त्यांची लय चटकन जुळते." निवेदिता थांबली. "ते या खेळात फार चांगले आहेत. म्हणून हरले."

शलाकाचा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला. मग तिनं विचारलं, "दबलेलं वर येईल?"

"बहुतेकांचं येईल. काही महिने लागतील. ग्रामसभा कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात."

"मी एक करू शकते. इथून एक बदल केला, तर पुढच्या खेळात मनोहरांच्या वल्ह्यावर वजन पडेल. त्यांच्या बाजूच्या सगळ्यांच्याच. समतोल होईल."

शलाकाला तो मोह झाला, हे खोटं नाही. एका आठवड्यात सगळी वरची वाडी रडत खाली येईल आणि वाळू वाचेल. रेवतीवहिनीला हे कळलं तर ती आजच मनोहरला ओढून आणेल, हेही तिला ठाऊक होतं.

"नको," ती म्हणाली. "यंत्र बंद करा."

तिनं सर्वांत आधी जयवंतला सांगितलं. तो ओट्यावर बसून ऐकत होता, अगदी लक्षपूर्वक. तेच बघून तिला भरून आलं.

"म्हणजे मला मनोहरसाठी वाईट वाटतं, ते खोटं?" त्यानं विचारलं.

"खोटं नाही दादा. पण जितकं वाटायला हवं होतं त्याच्यापेक्षा जास्त वाटायला लावलं."

"कितपत जास्त?"

"ते कसं सांगू?"

"मग मी त्यातलं किती ठेवू नि किती टाकू?" तो रागावून विचारत नव्हता. त्याला खरंच हवं होतं उत्तर. "शला, तू नाय सांगितलं असतंस तर बरं झालं असतं गो. गाव गप्प झालं होतं. पोरं एकत्र खेळत होती."

"भिंत झाली असती."

"झाली असती," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही.

ग्रामसभेत शलाका उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. मग वरच्या वाडीतून कुणीतरी ओरडलं, "भावासाठी रचलंय हे!" खालच्या वाडीतून उत्तर आलं, "आमची डोकी फिरवलीत, चोरांनो!" खुर्च्या पुन्हा उडाल्या. ठराव बारगळला. मनोहर कोपऱ्यात उभा होता. त्यानं एकदाच जयवंतकडे बघितलं आणि तो निघून गेला.

भांडण पूर्वीही होतं, पण आता त्यात एक नवीच गोष्ट शिरली. कुणी चुकून म्हणालं, "तसं त्यांचंही बरोबर आहे," की लगेच दुसरा विचारायचा, "कधी खेळलास तू?" खालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं आपल्या सुनेची बाजू घेतली, तर मुलगा म्हणाला, बाबांचं वल्हं जड झालंय. समजून घेणं हाच एक आजार झाला. नवी लावलेली कलमं पाण्यावाचून सुकली, कारण ती लावणाऱ्या पोरांना आता त्यांच्याकडे जायची लाज वाटत होती. शलाकाशी रस्त्यात कुणी बोलेनासं झालं. तिला कळत नव्हतं की आपण गावाला वाचवलं की त्याच्याकडे असलेलं शेवटचं चांगलं काहीतरी तोडलं.

असे तीन-चार आठवडे गेले. मग एका दुपारी मनोहर तिच्या दारात आला.

"यंत्र अजून आहे इथे?"

"शाळेत आहे. बंद आहे. पुढच्या आठवड्यात न्यायला येणार."

"एकदा सुरू कर." तो आत आला नाही, उंबऱ्याशीच उभा राहिला. "वजन माझ्यावर टाकता येतं म्हणतात. टाक. मला नेऊ दे त्याला पैलतीरी."

"मनोहरदादा, तुम्हाला काय होईल कळतंय ना?"

"तेच तर हवंय. त्याला झालं ते मला होऊ दे. आईचं दुःख मी त्याच्या अंगावर टाकलं आणि स्वतः हलका होऊन घरी गेलो, हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. झोप नाही मला." त्यानं दाराची चौकट घट्ट धरली. "मी त्याच्याकडे दोनदा जाऊन आलो. तो काय करतो, माहितीय? मी म्हणेन त्याला हो म्हणतो. माझा मित्र परत मिळाला वाटलं होतं. समोर बसलेला कोण आहे तेच कळत नाही."

शलाकानं क्षणभर विचार केला. शाळेची किल्ली तिच्या कमरेलाच होती.

"चला," ती म्हणाली. पण ती शाळेकडे वळली नाही, किनाऱ्याकडे निघाली. मनोहर काही न विचारता मागून चालत राहिला.

जयवंत उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसला होता. त्यानं मनोहरला पाहून जागा करून दिली. मनोहर वाळूत बसला, बुटांसकट. शलाका थोडी दूर उभी राहिली.

"मी भिंतीचा नकाशा बदलून आणलाय," मनोहर म्हणाला. "होड्यांसाठी दरवाजा ठेवायचा. इंजिनिअर म्हणतो, चालेल."

"चालेल," जयवंत म्हणाला.

"रुंद दरवाजा. रापण त्यातूनच न्यायची."

"बरं."

मनोहरनं वैतागून वाळूची मूठ फेकली. "काहीतरी बोल ना रे! नको म्हण! शिवी दे!"

जयवंत समुद्राकडे बघत राहिला. मनोहर मग हताश होऊन नकाशावर बोट ठेवत म्हणाला, "दरवाजा इथे, टेकडीच्या बाजूला. खडकांपाशी. तिथे भिंतीचा खर्च कमी—"

"खडकांपाशी?" जयवंत म्हणाला.

"हो."

"टेकडीच्या बाजूच्या?"

"हो, म्हणजे तिथे आधीच उंच आहे ना, तर—"

"खुळावलंस काय रे!" जयवंत ताडकन गुडघ्यांवर उठला. "तिथे जाळं टाकशील? जाळं फाटून चिंध्या होतील! माणसं आपटतील! आयुष्यात कधी दोर धरलायस तू? कुणी शहाण्यानं काढला हा नकाशा?"

"मी काढला!"

"तरीच!"

"मग तू काढ ना! कुठे ठेवू दरवाजा? सांग! सहा वर्षं नुसतं नको नको करतोस, कुठे ठेवू ते कधी सांगितलंस?"

"दरवाजाच नको! वाळू उरली तर दरवाजाचा उपयोग! वाळू राहणारच नाय, मग काय दगडांवर जाळं ओढू?" जयवंतचा चेहरा लाल झाला होता. त्याला पुढचं वाक्य सापडेना, तो चाचपडला, कपाळावर हात मारला, आणि मग ते त्याला सापडलं. "भिंत मागे घे. बागेपाशी बांध. किनारा सोड."

"बागेपाशी? म्हणजे माझ्या खालच्या चार रांगा समुद्राला देऊ?"

"मग माझी सगळी वाळू देऊ तुला?"

"माझ्या बापानं लावलेली कलमं आहेत ती!"

"आणि ही वाळू काय तुझ्या बापानं आणून टाकली?"

दोघं आता इतक्या मोठ्यानं ओरडत होते, की खालच्या वाडीतून रेवती आणि चार-पाच जण धावत आले. एकाच्या हातात वल्हं होतं. शलाकानं आडवा हात करून त्यांना थांबवलं. पुढे काय होईल, कोण कुणाचा गळा धरेल, तिला काहीच सांगता येत नव्हतं.

"मारामारी होईल, वन्सं," रेवती धापा टाकत म्हणाली.

"होईल कदाचित," शलाका म्हणाली.

वाळूत मनोहरनं नकाशा फाडला होता आणि जयवंत बोटानं वाळूवरच दुसरी रेघ ओढत होता. मनोहर ती पायानं पुसत होता, जयवंत पुन्हा ओढत होता. दोघंही एकाच वेळी बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. पण उठून मात्र कुणी जात नव्हतं.

रेवतीनं नवऱ्याचा तो तांबडालाल चेहरा पाहिला आणि ती मटकन वाळूत बसली. तोंडाला पदर लावून ती रडत होती की हसत होती, ते शलाकाला कळलं नाही.